अनुदानाचा भरवसा नसताना स्वमग्नतेवरील संशोधन कसे चालू ठेवावे

अमेरिकेत स्वमग्नतेवर, म्हणजे ऑटिझमवर, काम करणाऱ्या संशोधकांना २०२५ या वर्षात एकाच वेळी दोन परस्परविरोधी अनुभव आले. एकीकडे राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा, निधी कधी थांबेल याची शाश्वती उरली नाही. जानेवारीच्या अखेरीस प्रस्तावांच्या परीक्षणाच्या बैठका अचानक स्थगित झाल्या. ७ फेब्रुवारीला अप्रत्यक्ष खर्चावर, म्हणजे इमारत-वीज यांसारख्या गोष्टींसाठी विद्यापीठाला मिळणाऱ्या रकमेवर, सरसकट १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर झाली आणि ती न्यायालयाने अडवली. पुढच्या काही महिन्यांत हजाराहून अधिक चालू अनुदाने रद्द झाली. जूनमध्ये बोस्टनच्या संघीय न्यायालयाने त्यांपैकी अनेक रद्दीकरणे बेकायदा ठरवली, तर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्या आदेशाचा पैशांसंबंधीचा भाग स्थगित केला. आणि १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कामकाजच बंद राहिल्याने परीक्षणाचे चक्र पुन्हा अडले. दुसरीकडे स्वमग्नता हा विषय राजकीय व्यासपीठावर कधी नव्हे इतका गाजला, आणि त्याच एनआयएचने मे महिन्यात जाहीर केलेल्या स्वमग्नताविषयक डेटा उपक्रमातून सप्टेंबरमध्ये १३ प्रकल्पांना मिळून ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. विषयाला पैसा आहे, पण आपल्या प्रयोगशाळेला तो पुढच्या वर्षी असेलच असे नाही, अशा स्थितीत काम कसे चालवावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

ते मुख्यतः अशा प्रयोगशाळांत पीएचडी करणाऱ्या, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) म्हणून किंवा संशोधन समन्वयक म्हणून काम करणाऱ्या मराठी तरुणांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत पगाराबरोबर व्हिसाही अनुदानालाच बांधलेला असतो. सर्व सूचनांमागचे सूत्र एकच आहे. पैसा उशिरा का होईना परत मिळू शकतो, प्रस्ताव पुन्हा पाठवता येतो, यंत्र पुन्हा सुरू करता येते. पण मुलाचे निघून गेलेले वय, कुटुंबाचा उडालेला विश्वास आणि पांगलेली प्रशिक्षित माणसे परत मिळत नाहीत. म्हणून टंचाईच्या काळात कोणत्या कामाला आधी हात घालायचा हे त्या कामाच्या खर्चावरून नव्हे, तर ते हुकले तर पुन्हा करता येईल की नाही यावरून ठरवावे.

आपला पगार कोणत्या खात्यातून येतो ते शोधावे

मार्गदर्शकाला पैशांविषयी विचारणे आपल्याकडे आगाऊपणाचे समजले जाते, आणि हा संकोच अनेक जण विमानातून सोबत घेऊन येतात. मार्गदर्शकही, वाईट बातमी सांगायला नको म्हणून, “पाहू, काहीतरी होईलच” असे म्हणून विषय बदलतात. हा संकोच सोडावा. माझी नेमणूक कोणत्या अनुदानावर आहे, त्या अनुदानाचे चालू वर्ष कधी संपते, आणि ते नूतनीकृत झाले नाही तर विभागाकडून किती महिन्यांचा आधार मिळू शकतो, असे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर अनिश्चित असले तरी चालेल, पण ते कोणत्या तारखेपर्यंत निश्चित होईल हे विचारून घ्यावे. विभागाच्या हिशेबनीसाशी ओळख ठेवावी. पुष्कळदा मार्गदर्शकापेक्षा त्यांना खात्याची स्थिती अधिक नेमकी ठाऊक असते.

यासाठी अनुदानाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. एनआयएचचे नेहमीचे मोठे अनुदान, ज्याला आर०१ म्हणतात, ते बहुधा चार ते पाच वर्षांचे असते, परंतु आजवरच्या पद्धतीप्रमाणे पैसे एकेका वर्षाचे सोडले जातात आणि पुढील वर्षांची रक्कम मंजुरीपत्रात नोंदलेली असली तरी ती निधीच्या उपलब्धतेवर आणि प्रगती अहवालावर अवलंबून असते. म्हणजे “पाच वर्षांचे अनुदान मिळाले” याचा व्यवहारातला अर्थ “एका वर्षाचे मिळाले आणि चार वर्षांचा इरादा कळवला” एवढाच होतो. प्रगती अहवाल बहुतेक आर०१ अनुदानांसाठी नवे अनुदानवर्ष सुरू होण्याच्या ४५ दिवस आधी द्यावा लागतो. शांत काळात तो चार दिवस उशिरा गेला तर फारसे बिघडत नसे. आता त्या उशिराचे निमित्त कुणाला मिळू देऊ नये. अनुदानाची अखेरची मुदत जवळ येत असेल आणि पैसे शिल्लक असतील, तर विनाखर्च मुदतवाढ मुदत संपण्यापूर्वीच मागावी, आणि पूर्वी ती जवळजवळ आपोआप मिळत असे या आठवणीवर विसंबून राहू नये.

अप्रत्यक्ष खर्च हा शब्द नवख्यांना कारकुनी वाटतो, पण २०२५ मधला मोठा वाद त्याभोवतीच फिरला. प्रयोगशाळेला प्रत्यक्ष कामासाठी १०० डॉलर मिळाले, तर विद्यापीठाला इमारत, वीज, संगणक सुरक्षा, माणसांवरील अभ्यासांना मंजुरी देणारी नीतिसमिती आणि लेखापाल यांसाठी वेगळे ५० किंवा ६० डॉलर मिळतात. दर विद्यापीठागणिक बदलतो. ते १५ वर आणले तर प्रत्यक्ष कामाचे १०० डॉलर कागदावर तसेच राहतात, पण संमतिपत्रे तपासणारी समिती आणि एमआरआयची खोली चालवणारा विभाग यांचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. न्यायालयांनी ही मर्यादा रोखली असली तरी अनेक विद्यापीठांनी धास्तीने नव्या नेमणुका थांबवल्या आणि काहींनी पीएचडीचे प्रवेशही कमी केले. आपल्या प्रयोगशाळेचे अनुदान सुरक्षित असूनही बाजूच्या खोलीतली जागा रिकामी का राहते, याचे उत्तर बहुधा इथे सापडते.

आणखी एक बदल लक्षात घेण्याजोगा आहे. २०२५ च्या उन्हाळ्यापासून एनआयएच बऱ्याच नव्या अनुदानांची सर्व वर्षांची रक्कम पहिल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकातून बाजूला काढू लागली. ज्याला अनुदान मिळाले त्याच्यासाठी हे सोयीचे आहे. मात्र त्याच रकमेत मंजूर होणाऱ्या नव्या प्रस्तावांची संख्या घटते. म्हणून पूर्वी ज्या गुणांकनावर अनुदान मिळत असे, त्याच गुणांकनावर आता मिळेल असे गृहीत धरून घरभाड्याचा करार करू नये.

वयाला बांधलेली कामे आधी करावीत

स्वमग्नतेच्या संशोधनात निधीचा खंड इतर अनेक शाखांपेक्षा अधिक नुकसान का करतो, हे भावंडांच्या अभ्यासावरून स्पष्ट होते. ज्या कुटुंबात एक मूल स्वमग्न आहे, तिथल्या पुढच्या बाळात स्वमग्नता आढळण्याचे प्रमाण सुमारे २० टक्के असते. म्हणून अशा बाळांना जन्मापासून पाहिले जाते, आणि ६, १२, १८, २४ व ३६ महिन्यांना त्यांच्या भेटी ठरलेल्या असतात. निदान तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पक्के होते, आणि मग मागे जाऊन सहाव्या महिन्यात मेंदूच्या लहरींत किंवा नजरेच्या हालचालीत काय वेगळे होते ते तपासता येते. अशा अभ्यासाला पाच महिने पैसे मिळाले नाहीत, तर त्या काळात ज्यांचा बारावा महिना येऊन गेला त्या बाळांची ती नोंद कायमची गेली. उंदरांची नवी पिढी वाढवता येते, पेशींची नवी बॅच लावता येते. हे बाळ पुन्हा बारा महिन्यांचे होत नाही.

या भेटीला किती हात लागतात तेही पाहिले पाहिजे. मेंदूच्या लहरी टिपणारी इलेक्ट्रोडची जाळी क्षारयुक्त पाण्यात थोडा बेबी शॅम्पू घालून भिजवून ठेवावी लागते. बाळाच्या डोक्याचा घेर मोजून योग्य मापाची जाळी निवडावी लागते. बाळ आईच्या मांडीवर असते, एक जण जाळी बसवतो, दुसरी साबणाचे फुगे उडवून बाळाचे हात डोक्याकडे जाणार नाहीत अशा बेताने त्याला गुंतवून ठेवते, आणि तिसरा शेजारच्या खोलीत लहरींचा दर्जा पाहत असतो. बाळ रडले की सगळे संपले, पुढची वेळ घ्यायची. फुगे उडवणारी ती समन्वयक हिशेबाच्या तक्त्यात सर्वांत कमी पगाराच्या ओळीत असते आणि कपात आली की पहिली तीच जाते. माझ्या मते ही अमेरिकी प्रयोगशाळांची सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे, कारण कोणत्या बाळाला दुपारच्या झोपेनंतर बोलवायचे आणि कोणत्या आईला आठवडाभर आधी संदेश पाठवावा लागतो, हे तिच्याखेरीज कुणालाच माहीत नसते.

म्हणून पैसे आटण्याची चिन्हे दिसताच सर्व कामांची दोन भागांत विभागणी करावी. ज्यांना वयाची किंवा प्रत्यक्ष उपस्थितीची अट आहे ती कामे पहिल्या भागात, आणि बाकी सगळी दुसऱ्या भागात. पालक आणि बाळ यांच्या खेळाचे चित्रीकरण आज करून ठेवले तर त्यातील वर्तनाच्या नोंदी पुढच्या वर्षीही करता येतात. रक्ताचे किंवा लाळेचे नमुने योग्य तापमानाला ठेवले तर त्यांचे विश्लेषण थांबू शकते. एमआरआयची प्रतिमा घेतल्यानंतर तिच्यावरची प्रक्रिया कधीही होऊ शकते. याउलट एडॉस या निरीक्षण-चाचणीचे गुणांकन ती घेणाऱ्यानेच लगोलग करायचे असते, आणि संशोधनासाठी ती घेणाऱ्याला तज्ज्ञांच्या गुणांकनाशी किमान ८० टक्के जुळणीची पात्रता मिळवावी लागते, ज्याला कित्येक महिने जातात. अशी पात्रता असलेली व्यक्ती दोन प्रयोगशाळांनी अर्धा-अर्धा पगार देऊन टिकवणे, हे तिला सोडून पुढच्या वर्षी नव्या माणसाला तयार करण्यापेक्षा स्वस्त पडते. शेजारच्या प्रयोगशाळेशी स्पर्धा असली तरी हा प्रस्ताव मांडून पाहावा.

पूर्ण भेट शक्यच नसेल तर तुटपुंजी भेट आधीच ठरवून ठेवावी. व्हाइनलँड ही दैनंदिन व्यवहारकौशल्यांची मुलाखत पालकांशी फोनवर होऊ शकते, प्रश्नावल्या घरी भरून घेता येतात, आणि पालकांनी घरी केलेले छोटे चित्रीकरणही नीतिसमितीच्या परवानगीने घेता येते. कोविडच्या काळात प्रयोगशाळांनी हे सर्व करून पाहिलेले आहे. मात्र त्या तुटपुंज्या भेटीसाठी अभ्यासाच्या आराखड्यात लागणारी दुरुस्ती नीतिसमितीकडे पैसे असतानाच मंजूर करून घ्यावी, कारण पैसे संपल्यावर अर्ज लिहायला माणूसही उरत नाही.

कुटुंबांशी बोलताना

संशोधनात भाग घेणारी कुटुंबे आपला वेळ, प्रवास आणि आपल्या मुलाविषयीची अत्यंत खाजगी माहिती देतात. त्यांना बातम्यांतून अनुदान रद्द झाल्याचे कळते आणि प्रयोगशाळेकडून एक शब्दही येत नाही, तेव्हा पुढच्या अभ्यासाला ती येत नाहीत. अभ्यास थांबतो आहे, पुढे ढकलला आहे की कायमचा बंद झाला आहे, यांतले नेमके काय ते स्पष्ट सांगावे. पत्र साधे असावे. “आमच्या अभ्यासाचा निधी सध्या थांबला आहे. तुमच्या मुलाची मार्चमधील भेट होणार नाही. तुम्ही दिलेली माहिती सुरक्षित आहे आणि ती कुणाच्या ताब्यात आहे ते खाली दिले आहे. मागील भेटीचा अहवाल आम्ही या महिन्याच्या अखेरीस पाठवू. पुढे काय होणार हे आम्हाला ज्या दिवशी कळेल त्यानंतर आठवड्याभरात तुम्हाला कळवू, आणि काही कळले नाही तरी १ जूनला पुन्हा लिहू.” एवढे पुरते. १ जूनला खरोखर लिहावे.

मुलाच्या मूल्यमापनाचा अहवाल देण्याचे आश्वासन संमतिपत्रात असेल तर ते पैसे संपल्यानंतरही पाळावे लागते, आणि पाळावेच. अमेरिकेतही निदानासाठी प्रतीक्षायाद्या इतक्या लांब आहेत की अनेक कुटुंबे त्या अहवालासाठीच अभ्यासात आलेली असतात. सहभागी व्यक्ती स्वमग्न प्रौढ असेल तर बदलाची सूचना लेखी द्यावी, आयत्या वेळी देऊ नये, आणि “लवकरच”, “काही दिवसांत” असे मोघम शब्द टाळून तारीख घालावी. ठरलेले वेळापत्रक न सांगता बदलणे अनेकांना किती त्रासाचे होते हे ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे, त्यांनीच ते करणे अशोभनीय आहे.

नवी माहिती गोळा करता येत नाही तेव्हा

टंचाईचे वर्ष जुन्या डेटावर काढणे शक्य आहे, आणि या शाखेत त्यासाठी चांगली सामग्री उपलब्ध आहे. अबाइड या संग्रहात २०१२ मध्ये १७ केंद्रांतील १,११२ व्यक्तींच्या मेंदू-प्रतिमा खुल्या झाल्या. त्यात स्वमग्न आणि स्वमग्न नसलेल्या अशा दोन्ही गटांच्या व्यक्ती आहेत. सायमन्स फाउंडेशनच्या संग्रहांतून आणि २०१६ पासून चालू असलेल्या स्पार्क या प्रकल्पातून जनुकीय माहिती अर्ज करून मिळते. एनआयएचच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या डेटा-संग्रहालयातही अनुदानित अभ्यासांची माहिती जमा होत असते. यांपैकी नियंत्रित संग्रहांची परवानगी व्यक्तीला एकटीला नव्हे तर तिच्या संस्थेच्या सहीने मिळते. त्यामुळे नेमणूक संपण्याच्या बेतात असेल तर अर्ज आधी करावा आणि पुढच्या संस्थेत परवानगी कशी नेता येईल ते आधीच विचारून ठेवावे.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. उपलब्ध डेटा पाहून प्रश्न शोधणे आणि प्रश्नासाठी डेटा शोधणे यांत फरक आहे, आणि निधी आटला की पहिल्याकडे ओढा वाढतो. वेगवेगळ्या केंद्रांतील यंत्रे वेगळी, प्रतिमा घेताना डोके हलण्याचे प्रमाण वेगळे, मुलींची संख्या फार कमी. अशा संग्रहात पुरेशा तुलना केल्या तर काहीतरी “लक्षणीय” सापडतेच. गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत आधी सार्वजनिकरीत्या नोंदवून मगच फाइल उघडावी.

नवा प्रस्ताव लिहिताना

भारतीय नागरिकांनी प्रथम पात्रतेचा नियम पाहावा. एनआयएचच्या बहुतेक विद्यावृत्ती अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच असतात, पण के९९/आर०० हे पोस्टडॉककडून स्वतंत्र संशोधकाकडे नेणारे अनुदान परदेशी नागरिकांनाही मिळू शकते. त्यात दोन वर्षांपर्यंत मार्गदर्शनाखालचा आणि तीन वर्षांपर्यंत स्वतंत्र पदाचा टप्पा असतो. एनआयएचच्या बाहेर सायमन्स फाउंडेशन, ऑटिझम सायन्स फाउंडेशन आणि ऑटिझम स्पीक्स या खाजगी संस्था या विषयासाठी पैसे देतात. त्यांच्या रकमा लहान असतात आणि सरकारी निधी आटल्यावर त्यांच्या दारी रांगही वाढते, त्यामुळे पूर्ण प्रयोगशाळा त्यांवर चालेल अशी आशा धरू नये. मात्र एका व्यक्तीचे एक वर्ष, किंवा पुढील मोठ्या प्रस्तावाला लागणारी प्राथमिक माहिती, त्यातून निघू शकते. प्रस्तावाची उद्दिष्टे अशी मांडावीत की पहिले उद्दिष्ट एकटे पूर्ण झाले तरी त्यातून शोधनिबंध होईल. तिसरे उद्दिष्ट दुसऱ्याच्या यशावर आणि दुसरे पहिल्याच्या यशावर टेकलेले असेल, तर दुसऱ्या वर्षी निधी तुटल्यावर हातात काहीच उरत नाही.

शब्दांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०२५ मध्ये विविधता आणि समता यांविषयीची भाषा असलेली अनेक अनुदाने रद्द झाली, आणि तेव्हापासून संशोधक प्रस्तावातले शब्द चाळून पाहू लागले. यात मर्यादा कुठे घालावी? शब्द बदलल्याने प्रश्न अधिक नेमका होत असेल तर बदलावा. शब्द बदलल्याने प्रश्नच बदलत असेल तर बदलू नये. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या २०२२ सालच्या पाहणीत ८ वर्षांच्या मुलांमध्ये मुलग्यांतील प्रमाण मुलींच्या ३.४ पट आढळले. मुलींमध्ये स्वमग्नता खरोखर कमी असते, की आपल्या चाचण्या मुलग्यांवर घडवलेल्या असल्याने मुली निसटतात, हा मापनाचा प्रश्न आहे आणि तो मापनाच्या भाषेत लिहिता येतो. परंतु मुलींना नमुन्यातूनच वगळून प्रस्ताव “सुरक्षित” करणे म्हणजे निष्कर्षही अर्धवट करणे होय.

तसेच पैसा ज्या दिशेला वाहतो आहे त्या दिशेला आपला प्रश्न वाकवण्याचा मोह. आरोग्यमंत्र्यांनी एप्रिल २०२५ मध्ये स्वमग्नतेचे कारण सप्टेंबरपर्यंत सांगण्याची घोषणा केली, तेव्हा पर्यावरणीय कारणांवर काम करणाऱ्यांना अचानक महत्त्व आले. पर्यावरणीय घटकांचा अभ्यास हे शास्त्रशुद्ध आणि जुने क्षेत्र आहे, आणि सप्टेंबरमध्ये मंजूर झालेल्या १३ प्रकल्पांतही गंभीर संशोधक आहेत. आपले प्रशिक्षण त्यात असेल तर जरूर अर्ज करावा. पण दहा वर्षे भाषाविकासावर काम केलेल्या व्यक्तीने एका घोषणेपायी विषशास्त्रज्ञाचा वेष चढवू नये, कारण परीक्षकांना तो ओळखू येतो आणि घोषणा करणारे पुढच्या निवडणुकीला बदलतात. एक गोष्ट याच संदर्भात सांगितली पाहिजे. अमेरिकेत या विषयावरील निधीचा सर्वांत मोठा वाटा वर्षानुवर्षे जीवशास्त्राकडे गेला आहे, आणि स्वमग्न प्रौढांचे आरोग्य, नोकरी, म्हातारपण या प्रश्नांना अगदी थोडा मिळाला आहे, जरी स्वमग्न व्यक्ती आणि त्यांची कुटुंबे नेमके तेच मागत आली आहेत. कमी पैशांत होणारे आणि उपयोगी पडणारे पुष्कळ काम तिथे पडून आहे.

लोक विचारतात तेव्हा

या विषयात काम करणाऱ्याला प्रयोगशाळेबाहेरही उत्तरे द्यावी लागतात. २२ सप्टेंबर २०२५ रोजी गरोदरपणातील पॅरासिटामॉलचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारी घोषणा व्हाइट हाउसमधून झाली, आणि पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांनी “आमच्या सुनेने क्रोसिन घेतली होती, आता काय?” असे विचारणे साहजिकच होते. अशा वेळी लांब व्याख्यान देऊ नये आणि प्रश्न विचारणाऱ्याला हिणवू नये. स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदींवरील अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केली तेव्हा औषध आणि स्वमग्नता यांचा संबंध उरला नाही, आणि गरोदरपणातील तापावर उपचार न करणे स्वतःच धोक्याचे असते, एवढे सांगून डॉक्टरांशी बोलण्यास सुचवावे. लशींबाबत डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा २०१९ चा अभ्यास पुरेसा बोलका आहे, आणि ज्या १९९८ च्या शोधनिबंधाने ही शंका पसरवली तो १२ मुलांवरचा होता व २०१० मध्ये मागे घेतला गेला.

“इतकी मुले अचानक कशी वाढली?” याचे उत्तरही तयार असावे. सीडीसीच्या पाहणीत २००० साली १५० मुलांमागे एक, तर २०२२ साली ३१ मुलांमागे एक असे प्रमाण आले; परंतु त्याच २०२२ च्या पाहणीत टेक्सासमधील लॅरेडो इथे ते १०३ मागे एक आणि कॅलिफोर्नियातील केंद्रात १९ मागे एक होते. एकाच देशात, एकाच वर्षी एवढा फरक दिसतो, तेव्हा तपासणी आणि सेवा कुठे किती पोहोचल्या आहेत याचा त्यात मोठा वाटा असणार, हे सामान्य माणसालाही लगेच पटते. पत्रकारांशी बोलण्यापूर्वी विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागाला विचारावे आणि स्वतःच्या अभ्यासापुरतेच बोलावे.

व्हिसा, आणि भारतात परतण्याचा विचार

नोकरी गेल्यावर एच-१बी व्हिसावर जास्तीत जास्त ६० दिवस, जे-१ या देवाणघेवाण व्हिसाचा कार्यक्रम संपल्यावर ३० दिवस, आणि पदवीनंतर काही काळ काम करू देणाऱ्या ओपीटीमध्ये बेरोजगारीचे एकूण ९० दिवस मिळतात. विज्ञान शाखांची वाढीव मुदत मिळाली असेल तर ते १५० होतात. एच-१बी धारकाला मुदतीपूर्वी काढले तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च मालकाने द्यायचा असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. विद्यापीठाच्या एच-१बीला वार्षिक कोटा लागू नसतो, खाजगी कंपनीत जाताना मात्र सोडतीतून जावे लागते. सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेर असलेल्या व्यक्तीसाठी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क आले आहे, म्हणून नोकरी बदलण्याच्या काळात भारताची सहल आखू नये आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी बोलल्याखेरीज तिकीट काढू नये. जे-१ धारकांसाठी एक दिलासा असा की डिसेंबर २०२४ मध्ये कौशल्य-यादीतून भारत वगळला गेला, त्यामुळे केवळ त्या यादीपायी दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आता लागत नाही; सरकारी निधीवर आलेल्यांना ती लागू शकते.

भारतात परतणे हा पराभव नव्हे, पण तो सुटकेचा मार्ग आहे असेही समजू नये. जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी विद्यावृत्ती परतणाऱ्यांसाठीच आहे. संशोधनाला पैसे देणारी इंडिया अलायन्स ही संस्था, आयसीएमआर आणि २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान हे इतर मार्ग आहेत. विद्यावृत्तीचे पैसे महिनोन्‌महिने रखडणे इथेही नवे नाही, तेव्हा अनिश्चितता फक्त वेगळ्या रूपात भेटते. पण कामाला वाव मोठा आहे. गोव्यातील संगत या संस्थेच्या सहभागाने गोवा आणि रावळपिंडी इथे ६५ मुलांवर झालेल्या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांमार्फत द्यायचा उपक्रम राबवला, आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत प्रसिद्ध झाले. महागड्या यंत्रांवाचून केलेल्या अशा कामाचे महत्त्व अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना आता कळू लागले आहे. मात्र अमेरिकी अनुदानातून भारतीय संस्थेला उपअनुदान देण्याची जुनी पद्धत मे २०२५ मध्ये एनआयएचने थांबवून नव्या रचनेची घोषणा केली, आणि भारतीय स्वयंसेवी संस्थेला परदेशी निधी घेण्यासाठी परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणीही लागते; म्हणून दोन्ही देशांत पाय ठेवून चालणारा प्रकल्प आखताना प्रत्येक बाजूचे काम तिकडच्याच पैशावर उभे राहू शकेल अशी रचना करावी.

रद्द झाल्याचे पत्र आलेच तर

असे पत्र मुख्य संशोधकाच्या नव्हे, विद्यापीठाच्या नावे येते, त्यामुळे उत्तरही विद्यापीठाच्या अनुदान कार्यालयानेच द्यायचे असते. स्वतः एनआयएचच्या अधिकाऱ्याला रागाने लिहू नये. अपिलाची मुदत पत्रात दिलेली असते आणि ती बहुधा ३० दिवसांची असते. त्या दिवसापासून नवा खर्च थांबवावा, पण सहभागी व्यक्तींच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असलेले काम थांबवण्यापूर्वी नीतिसमितीला कळवावे, विशेषतः अभ्यासात एखादे औषध किंवा उपचार चालू असेल तर. अंतिम अहवाल आणि हिशेब १२० दिवसांत द्यावे लागतात.

पैसे संपले म्हणून नीतिसमितीकडचा अभ्यास लगेच बंद करू नये. ओळख पटू शकेल अशा माहितीचे विश्लेषण चालू राहणार असेल तर परवानगीही चालू असावी लागते, आणि एकदा बंद केलेला अभ्यास पुन्हा उघडण्यास नव्याने अर्ज करावा लागतो. सांकेतिक क्रमांक आणि खरी नावे यांची सांगड घालणारी यादी कुणाच्या ताब्यात आहे, संमतिपत्रे कोणत्या कपाटात आहेत, कोणत्या कुटुंबाला कोणता अहवाल द्यायचा बाकी आहे आणि गोठवलेल्या नमुन्यांच्या फ्रीजरचे वीजबिल कोणत्या खात्यावर पडते, एवढ्या गोष्टी एका कागदावर लिहून त्याची एक प्रत मार्गदर्शकाकडे, एक विभागाकडे द्यावी. ते काम समन्वयकाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नये. तिची दुसरी नोकरी ठरल्याचे कळले की त्याच आठवड्यात तिच्याबरोबर बसून तो कागद पुरा करावा.